डावखुऱ्याचा डाव

मित्रांनो, माझी पाठ काळी आहे, पण ती चुलीवर करपलेली नाही, शाईने काळी झाली आहे. मी मारुलाच्या झाडाच्या फांदीतून कोरलेला एक लाकडी डाव. ज्या कामासाठी मला घडवलं ते मी एकेचाळीस वर्षं बिनतक्रार केलं. त्यानंतर माणसांनी मला जे जे करायला लावलं, ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मला घडवलं मासिथोलेच्या नवऱ्याने. त्यांचं नाव मी सांगणार नाही. त्या घरातल्या बायका ते घेत नसत, आणि मी त्याच घरात जुना झालो. लग्न ठरल्यावर त्यांनी मला कोरून तिच्या माहेरी पाठवलं. ते डावखुरे होते, म्हणून माझी कड एका बाजूला कललेली. उजव्या हाताने ढवळलं की मी भांड्याला अडतो. मासिथोलेने महिनाभर कुरकुर केली आणि मग ती डाव्या हाताने ढवळायला शिकली. उपुथू, म्हणजे मक्याच्या पिठाचा उपमा, ती असा मोकळा शिजवायची की शेजारणी मला हातात घेऊन बघायच्या, जणू कसब माझंच होतं.

पुढे ते वारले. मासिथोलेच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आला आणि काही वर्षांत तिला दिसेनासं झालं. मी मात्र खुंटीवर जागच्या जागी होतो. तिचा हात न चुकता माझ्यावर पडायचा.

तिची सून सिझाकेले टेकडीवरच्या जुन्या मिशनच्या छापशाळेत जायची. तिथे लिनोवर, म्हणजे जमिनीवर अंथरतात तसल्या गुळगुळीत तक्त्यावर, चित्र कोरतात, त्यावर शाईचा रूळ फिरवतात आणि वर कागद ठेवून दाबतात. शाळेच्या दाबयंत्राचा स्क्रू तुटला तेव्हा तिथले प्रमुख बाबा शेझी म्हणाले, "आता हातानेच घासा." सिझाकेलेने कागदावर बाटली घासून पाहिली, कागद सुरकुतला. पेल्याने तो फाटला. मग एका सकाळी तिने मला खुंटीवरून उचलून पिशवीत टाकलं. एकेचाळीस वर्षांच्या ढवळण्याने माझी पाठ आरशासारखी झाली होती, तीच माझ्या मुळावर आली.

त्या दिवशी संध्याकाळी मासिथोलेने मला पातेल्यात घातलं, दोनदा फिरवलं आणि थांबली.

"सूनबाई, उपुथूला पेट्रोल पंपाचा वास का येतोय?"

मासिथोलेने माझी पाठ अंगठ्याने चाचपली, नाकाशी नेली आणि मला जमिनीवर ठेवलं. "माझ्या माणसाची एकच वस्तू या घरात उरली होती," ती म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. पुढचे कित्येक दिवस दोघींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं. मी कायमचा छापशाळेत गेलो.

आता वाटेल की निदान तिथे तरी माझ्या हातून काही मोठं काम झालं असेल. छे. ईस्टरनंतर डर्बनला प्रदर्शन होतं. बाबा शेझींनी सिझाकेलेला लिनोचे सहा तक्ते दिले आणि सांगितलं, "या वेळी काहीतरी तुझं स्वतःचं आण. नाहीतर इथलं तुझं टेबल मी दुसऱ्या कुणाला देतो. रांगेत चौघीजणी आहेत."

झालं. बाई स्वतःचं काहीतरी शोधायला लागली आणि माझे हाल सुरू झाले. वालाच्या पानांना शाई लावून छापून पाहिलं. पानांचा चोथा माझ्या पाठीला. काचेवर शाई फासून त्यावर काडीने रेघोट्या ओढल्या, काच तडकली. पुठ्ठ्याचे तुकडे डकवून ठसा केला. डिंक माझ्यावर सुकला. इतकं सगळं करून शेवटी लिनोवर तिने काय कोरावं? हत्ती. तिने जन्मात हत्ती पाहिला नव्हता. डर्बनचे लोक हत्ती घेतात हे मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. एकामागून एक चार तक्ते हत्तींनी खाल्ले.

चौथा तक्ता ती कंटाळून घरी घेऊन आली. पिशवीत मीही होतो. बाकावर ठेवलेल्या तक्त्यावर मासिथोलेचा हात पडला. बोटं कोरलेल्या रेघांवरून सावकाश फिरली.

"हे काय, डुक्कर?"

"हत्ती आहे, मा."

"पाय मोडलाय त्याचा. आणि ही घरं गवताची का? आपल्या घरावर पत्रा आहे. मी त्याखाली पंचवीस उन्हाळे भाजून निघाले आहे, मला विचार की."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती. सिझाकेले तिच्या बोटांकडे बघत राहिली. चार तक्ते वाया घालवल्यावर बाईंच्या डोक्यात आत्ता उजेड पडला की कोरलेलं चित्र हातानेही बघता येतं.

"मा, काय कोरू सांग. तुला बघायचं असेल ते."

मासिथोलेने हत्ती बाजूला सारला. "त्यांना कोर," ती म्हणाली. "अंगणात बसून डाव कोरताना."

सिझाकेले घाबरली. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही. अकरा वर्षं तिने त्यांना जेवण वाढलं, पण मान खाली घालून. "मी त्यांचा चेहरा पाहिलाच नाही, मा. मला हात माहीत आहेत. पाय माहीत आहेत."

"मग हात-पायांपासून सुरू कर. नाक तुझ्या नवऱ्याचं लाव, अगदी तेच आहे. नवऱ्याचं तरी बघितलंयस ना?"

सिझाकेले हसली. मग तिने पाचवा तक्ता उन्हात तापवून मऊ केला आणि कोरायला बसली. मासिथोले शेजारी बसून सांगत होती: टोपी मागे सरकलेली, खालचा ओठ दाताखाली. दुसऱ्या दिवशी हात आणि चाकू कोरून झाले. म्हातारीने बोटं फिरवली आणि हात मागे घेतला.

"हा कोण आहे? याने चाकू उजव्या हातात धरलाय."

"उलटंच कोरावं लागतं, मा. कागदावर ते सुलटं येतं. कागदावर ते डावखुरेच दिसतील."

"कागद मला दिसणार आहे का?"

तक्ता एकच उरला होता आणि प्रदर्शनाला आठ दिवस. त्या एका तक्त्यावर माणूस म्हातारीच्या बोटांसाठी खरा कोरायचा, की कागदासाठी? सिझाकेले दोन दिवस कोरणी हातात घेऊन नुसती बसली. मला तर ओरडावंसं वाटत होतं. पण डावाला तोंड कुठलं?

तिसऱ्या दिवशी तिने सुलटं कोरलं. डाव्या हातात चाकू, उजव्या हातात मी, अर्धा कोरलेला. पूर्ण झाल्यावर तिने तक्ता मासिथोलेच्या मांडीवर ठेवला. म्हातारीची बोटं टोपीवरून नाकावर आली, ओठावर थांबली, मग खाली हातांवर गेली आणि तिथेच राहिली.

"आले," ती एवढंच म्हणाली.

छापशाळेत मी त्या कागदावर अर्धा दिवस फिरलो. इतकं मन लावून मी उपुथूही कधी ढवळलं नव्हतं. कागद उचलल्यावर बाबा शेझी जवळ आले, आधी खुश झाले आणि मग चाकू उजव्या हातात बघून कपाळाला हात लावत म्हणाले, "अगं, म्हातारा डावखुरा होता, सगळ्या गावाला ठाऊक आहे. उलटं कोरायचं असतं हे पहिल्या दिवशी शिकवतो आपण. वीस वर्षं काय केलंस इथे?"

रांगेतल्या चौघीजणी ऐकत होत्या. सिझाकेलेने मान खाली घातली. "चुकलं, बाबा," ती म्हणाली.

चुकलं नव्हतं. तिने तसं सांगायला काय हरकत होती? माझा इतका संताप झाला की विचारू नका. पण तक्त्यावर थांबलेला म्हातारीचा तो हात सिझाकेलेला त्या घोळक्यात गोष्टीसारखा सांगायचा नव्हता.

चित्र डर्बनला टांगलं गेलं, लोकांना आवडलं, टेबल तिच्याकडेच राहिलं. गावात मात्र अजून हसतात की सिझाकेलेला डावं-उजवं कळत नाही. बाबा शेझींनी आणखी छाप काढायला तक्ता मागितला, तेव्हा तो हरवला असं तिने सांगितलं. तो मासिथोलेच्या उशाशी आहे. नाकाची रेघ बोटांनी झिजत चालली आहे.

मित्रांनो, मला काम झाल्यावर पुसत जा. शाई सुकली की मी खरखरीत होतो, आणि मग तुम्ही मलाच नावं ठेवता. आणि ज्याचं चित्र तुम्हाला कधीतरी काढावंसं वाटेल, त्याच्या तोंडाकडे तो समोर असताना एकदा मान वर करून नीट बघून घ्या. पुढे नाक कसं होतं ते सांगायला प्रत्येक घरात मासिथोले असेलच असं नाही.