मधली तार

"चला मॅडम, उशीर झाला तर साहेब रागवायचे," स्कूटरवर मागं बसत हेमचंद्र धारूरकर म्हणाले. शुक्रवारची सकाळ होती.

"बाबा, निदान घराजवळ, हर्सूलमध्ये तरी मॅडम म्हणू नका."

"सवय मोडली तर तिकडं तोंडातून मिनू निघेल. मग बसा बोंबलत."

क्रांती चौकाच्या अलीकडं ते उतरले आणि रस्त्याच्या कडेनं हळूहळू चालू लागले. मृण्मयीनं मागं वळून पाहिलं नाही. ऑफिसात ती दोघं एकमेकांची कुणीच नव्हती.

तिची कंपनी सरकारी आणि आंतरराष्ट्रीय निधीसाठी प्रस्ताव लिहून द्यायची. भारतातून नेपाळात जाणारी वीजवाहिनी आणि तिच्यालगतचा रस्ता, यांच्या आखणीसाठी एका निधीनं प्रस्ताव मागवले होते. कंपनीचा प्रस्ताव तिनंच लिहिला होता. त्यात डोंगराळ भागात वाहिन्या उभारलेला ज्येष्ठ अभियंता हवा होता. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या हेमचंद्रांनी जाहिरात पाहून परस्पर अर्ज केला आणि निवड झाल्यावरच लेकीला सांगितलं. निधीचा नियम कडक होता: प्रस्ताव लिहिणाऱ्याचा नातलग तज्ज्ञ म्हणून चालणार नाही. पण निवृत्तीपासून टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत बसलेला माणूस आता जेवतानाही ताटाच्या कडेला बोटानं डोंगर काढून दाखवत होता. ती गप्प बसली. घटस्फोटानंतरही तिचं आडनाव सासरचंच राहिलं होतं. त्या संसाराचा एवढा एक उपयोग झाला.

लिफ्ट बंद होती. तिसरा मजला चढून हेमचंद्र आत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. कंपनीचा मालक इंद्रजीत खुर्चीतूनच ओरडला, "काका, मंगळवारची मुलाखत होईस्तोवर टिका हां! नंतर तुमची मर्जी."

सगळे हसले. मृण्मयीही हसली. न हसती, तर नजरेत आलं असतं.

मग त्या मुलाखतीची तालीम झाली, कॅमेरा लावून. इंद्रजीतनं निधीच्या निवड समितीच्या थाटात विचारलं, "या कामाला सार्वजनिक पैसा कशाला?"

"सरहद्दीच्या अलीकडं शेवटचा मनोरा आपला," हेमचंद्र म्हणाले, "पलीकडं पहिला त्यांचा. दोघांच्या मधली जी तार असते ना, ती कुणाच्याच अंदाजपत्रकात नसते. दोन्ही मनोरे वर्षानुवर्षं समोरासमोर नुसते उभे राहतात. तुमचा पैसा त्या मधल्या तारेसाठी हवा." मग ते कोपऱ्यात बसलेल्या लेकीकडं वळले, भुवया उंचावून. "मॅडम, बरोबर ना?"

मृण्मयीनं मान वर केली नाही. "धारूरकर सर, वेळ संपली. आटोपशीर बोला."

"जी," ते म्हणाले आणि ताठ बसले.

संध्याकाळी घरी त्यांनी उमाबाईंना सांगितलं, "तुझी लेक हापिसात लई कडक आहे बरं का. माझी पार हजेरी घेतली." आणि ठसका लागेपर्यंत हसले.

शनिवारी सकाळी उमाबाई चहा गाळून बाहेर आल्या, तर ते खुर्चीतच होते, पेपर मांडीवर. चहा त्यांनी पुढं धरला, हाक मारली, पुन्हा मारली.

दुपारी बाबांचा फोन वाजला. पुण्याहून आलेला धाकटा भाऊ केयूर बोलला, त्यानं बातमी सांगितली, ठेवला. लगेच मृण्मयीचा वाजला. ती बाबांच्या पायाशी बसली होती.

"मृण्मयी, म्हातारा गेला," इंद्रजीत म्हणाला.

"कोण?"

"धारूरकर, आणखी कोण! आत्ताच मरायचं होतं त्याला. आपल्याला घेऊन मेला."

"अरेरे," ती म्हणाली. केयूर तिच्याकडं बघतच राहिला.

"ऐक, कुणाला बोलू नको. तज्ज्ञ गेला की आपण शर्यतीतून बाद. शुक्रवारचं रेकॉर्डिंग आहे, तेच लावू. मग नेटवर्क गेलं म्हणायचं, पुढची उत्तरं तू दे."

"सर, ते गेलेत."

"कागदावर नाही ना गेले? काम मिळालं की कळवू, वाईट झालं म्हणून. तेव्हा बदली माणूस चालतो." मग आठवून तो म्हणाला, "आणि कंपनीच्या नावानं एक हार पाठव त्यांच्याकडं. बरा बघ, पण फार महागातला नको."

"पाठवते, सर."

हार तिनं फोनवरून मागवला. तो आला तेव्हा दारात तिनंच घेतला आणि तिनंच बाबांना घातला.

मंगळवारी ती निघाली तशी उमाबाई दारात आडव्या आल्या. "सुतकात ऑफिस? अगं, राख तरी गार होऊ दे त्यांची."

"बाबांचंच काम आहे, आई."

आपण खरं बोललो की खोटं, हे जिने चढेपर्यंतही तिला ठरवता आलं नाही.

पडद्यावर दिल्लीची समिती होती. अध्यक्षबाई मधोमध, चष्मा सारखा करत. इंद्रजीतनं हसत हसत सांगितलं, "आमचे तज्ज्ञ पाहणीसाठी डोंगरात आहेत, तिथून जोडले गेलेत," आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबा दिसले. तिनंच इस्त्री केलेला शर्ट. धाप अजून पुरती ओसरलेली नव्हती, ती आत्ता स्पष्ट ऐकू आली. मनोरे आले, सरहद्द आली, मधली तार आली. अध्यक्षबाई काहीतरी लिहून घेऊ लागल्या. ते पाहून इंद्रजीत इतका खूष झाला की तिथं थांबवायचं होतं हेच विसरला.

"मॅडम, बरोबर ना?"

त्यानं घाईनं बटण दाबलं. चित्र गोठलं. बाबा मान वळवून, भुवया उंचावून, उत्तराची वाट पाहत राहिले.

"आवाज गेला वाटतं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "छान बोलत होते. पण ते विचारत कुणाला होते?"

"नेटवर्क, मॅडम. डोंगर म्हटल्यावर चालायचंच," इंद्रजीत म्हणाला आणि टेबलाखालून मृण्मयीच्या पायाला पाय मारून पुटपुटला, "म्हाताऱ्यानं काम केलं. आता तू बोल."

मृण्मयीनं माइक चालू केला.

"मला विचारत होते," ती म्हणाली. "हे रेकॉर्डिंग आहे. ते शनिवारी गेले. ते माझे वडील आहेत."

इंद्रजीतचा हात माइककडं झेपावला. तो तिनं धरून टेबलावर दाबून ठेवला, आणि समितीकडं नाही, त्या गोठलेल्या चेहऱ्याकडं पाहत ती म्हणाली, "बरोबर होतं, बाबा. सगळं बरोबर होतं."