चौदसची चटणी

सोहनबाईच्या चुलीवर फोडणी पडली की गल्ली शिंकायची. समोरच्या ओट्यावरचा शिंपी मशीन थांबवून डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "शेठना घरमा चूल पेटनी." नंदुरबारात मिरचीचा ठसका कुणाला नवा नव्हता. माघात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडली की वारा फिरेल तसं अख्खं गाव खोकायचं. पण सोहनबाईची फोडणी त्यातही वेगळी ओळखू यायची.

सदतीस सालच्या दिवाळीनंतर ही शिंक बंद पडली.

दोष एका वर्तमानपत्राचा. सोहनबाईचे यजमान किशनलाल शेठ मिरचीचे व्यापारी. त्यांनी भाचीच्या लग्नात मोतीचुराचे लाडू इतके हाणले की दोन दिवस छातीवर हात ठेवून बसले होते. नेमकं त्याच वेळी गाडीने आलेल्या पेपरात कुणा डॉक्टराचं आरोग्याचं सदर छापून आलं. लाल मिरची जठर जाळते, रक्त तापवते, आयुष्य घटवते. लाडवांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. म्हणून लाडू सुटले आणि मिरची सापडली.

शेठनी तेवढ्यावर भागवलं नाही. पुण्याहून टपालाने पथ्याच्या पाककृतींचं जाडजूड पुस्तक मागवलं आणि चष्मा चढवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठाण मांडलं. या घराची मूळची बोली मारवाडी. पण तीन पिढ्या नंदुरबारात काढल्यावर बोलण्याची, रागाची आणि हुकमाची भाषा अहिराणीच झाली होती.

"आजपाईन या घरमा मिरची येवाव नही," ते म्हणाले. "नाव बी लेवानं नही."

"आनि दुकानमा?" सोहनबाईने विचारलं.

"दुकाननं येगळं."

म्हणजे लोकांची जठरं खुशाल जळू देत, शेठचं तेवढं शाबूत राहिलं पाहिजे! सोहनबाईच्या ओठांवर हे आलं होतं, पण तिने गिळलं. तिने मिरचीची बरणी घासून उपडी घातली. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकातला उकडलेला दुधी आला, पडवळ आलं, पालकाचं पाणी आलं, सगळ्यावर कोथिंबीर आणि लिंबू पिळून. शेठ प्रत्येक घासाला "हलकं वाटस" म्हणायचे आणि ताटात अर्धं टाकून उठायचे.

सोहनबाईला हे फार लागलं. वीस वर्षं तिने या घरात रांधलं होतं. बाहेरगावचे खरेदीदार माल बघायला येत, तेव्हा जेवायला तिच्याच हातचं असायचं. पथारीवर मिरची बघून ते नुसती मान हलवायचे. खरा होकार यायचा तो तिची लाल चटणी भाकरीला लावून खाल्ल्यावर. शेठना वाटायचं, सौदे आपल्या जिभेने होतात. जीभ खरीच, पण त्यांची नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शिंक बंद झाल्याचं गल्लीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिथून ते बाजारात गेलं. एक दिवस पारुबाई, जी पथारीवर मिरची निवडायची आणि शेठकडे दळण-कांडणाला यायची, ती पदर खोचून तडक स्वयंपाकघरात आली.

"शेठानी, बजारमा काय बोली ऱ्हायनात माहीत शे का?"

"काय?"

"म्हनतस, किशनलाल शेठना मालमा काहीतरी खोट शे. त्याना सोताना घरमा बी कोनी खात नही."

सोहनबाईने ते तसंच शेठच्या कानावर घातलं. शेठनी ऐकलं तेव्हा "लोकेस्ले काय काम शे?" म्हणून हसण्यावारी नेलं. पण त्याच आठवड्यात भुसावळचे दोन खरेदीदार त्यांच्या पथारीवरून नुसता रामराम करून पुढे गेले. मग शेठचं हसू मावळलं. मालाचा डोंगर उघड्यावर पडून होता. आता सगळी मदार सुरतेच्या शांतिलालभाईंवर. त्यांनीही पाठ फिरवली तर नंदुरबारात किशनलालच्या मिरचीला कोण हात लावणार?

शांतिलालभाई जुने खरेदीदार, येऊन-जाऊन अहिराणी शिकलेले, आणि पक्के जैन. सोहनबाईने त्यांना भाऊ मानलं होतं. ते आले की ती डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढून स्वतः वाढायला बाहेर यायची. तेरसला येतो, असं त्यांचं पत्र होतं. मग तार आली, एक दिवस उशिरा येतो. शेठना आनंद झाला, तयारीला एक दिवस जास्त मिळाला.

भाई यायच्या दिवशी सकाळी शेठ बाजारातून दुधी घेऊन आले. दोन्ही हातांवर धरून आणला होता, बारशाच्या पोरासारखा.

"दख, कितला कवळा शे! पुस्तकमा दुधीना सात परकार शेत. भाईले आज नवंच काही खावाले घालू."

सोहनबाईने दुधीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"आज काय शे?"

"भाई येवाव शेत."

"ते माले माहीत शे. तिथी काय शे?"

शेठनी तोंडातल्या तोंडात पुटपुटत बोटं मोजली. काल तेरस. काल तेरस होती म्हणजे... दुधी हळूच जमिनीवर टेकला आणि त्याच्या शेजारी शेठही टेकले.

चौदस! शांतिलालभाई जैनांच्या रीतीने चतुर्दशी पाळायचे, जन्मल्यापासून चौदसला त्यांच्या पोटात हिरवं पान गेलं नव्हतं. दुधी नाही, पालक नाही, कोथिंबिरीची काडी नाही, लिंबाची फोड नाही. शांतिलालभाईंच्या ताटात चौदसला दुधी वाढला असता तर ते पाण्याला न शिवता उठून गेले असते. तार वाचून दिवस पुढे ढकलला, पण तिथीही पुढे सरकते हे शेठ विसरले होते.

"पुस्तकमा चौदसनं काय देल शे?" सोहनबाईने अगदी साळसूदपणे विचारलं.

आणि शेठनी खरंच पानं चाळली. मागून पुढे, पुढून मागे. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी चौदस पाळत नसावेत.

"मंग आते काय करशी?" शेठचा आवाज एवढासा झाला होता.

तीन महिन्यांचं उत्तर सोहनबाईच्या जिभेवर तयार होतं. पण सुरतेची गाडी भांडणासाठी थांबणार नव्हती आणि सूर्यास्तानंतर भाई घास घेणार नव्हते. तिने पारुबाईला हाक मारली.

"पथारीवर जा. टोपलीभर मिरची लई ये. निवडेल नको, ईकाना ढिगमाईनच उचल."

शेठनी पुस्तक मिटून काखेत मारलं. मग म्हणाले, "पाव्हनासाठे कर. मी मूगनं सार खासू. पुस्तकमानं."

"करसू," ती म्हणाली.

विकायच्या ढिगातली टोपली आली. सोहनबाईने एकेक मिरची देठाला धरून कानाशी हलवली. बी खुळखुळलं तर घ्यायची, गप्प राहिली तर बाजूला टाकायची. मोडून वास घेतला. माल सोन्यासारखा होता. अशा मिरचीला बाजाराने नावं ठेवावीत, याचा तिला संताप आला, नवऱ्याच्या पथ्यापेक्षाही जास्त. तिने मिरच्या कोमट पाण्यात भिजवल्या. जिरं, धणे, आमचूर, मीठ घेऊन पाट्यावर बसली. पारुबाई हाताला तूप चोळून "व माय, व माय" करत मदतीला लागली. सोहनबाईचे हात भाजत नव्हते. वीस वर्षांत मिरचीने त्या हातांशी समेट केला होता.

चौदसला चालतं ते सगळं तिने मांडलं. बेसनाचे गट्टे, आधी तापवून घेतलेल्या दह्याच्या रश्श्यात सोडलेले. पापडाची भाजी. ज्वारीच्या भाकरी. शेठचं मुगाचं सार, कोथिंबिरीवाचून आणि लिंबावाचून. शेवटी कढईत तूप तापवून तिने वाटलेला लाल गोळा त्यात सोडला.

समोरचा शिंपी शिंकला. मग शेजारच्या घरात कुणीतरी शिंकलं. मग गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला आणि त्यातून उतरणारे शांतिलालभाई असे काही शिंकले की घोडं बिचकलं. पागोटं सावरत ते ओट्यावर आले.

"शेठ, बजारमा येगळंच काही आयकीसन उनू," ते दारातच म्हणाले. "म्हनतस, तुमना घरमा मिरची बंद शे."

"लोके काय, काही बी बोलतस," शेठ कसंबसं म्हणाले.

पानं मांडली. पश्चिमेच्या झरोक्यातून आलेलं ऊन भिंतीवर चढलं होतं. भाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला, तोंडात घातला. दुसरा तुकडा आणखी खोल बुडवला. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी आलं, नाक ओढत त्यांनी तिसरा घास घेतला. दाराआड उभ्या सोहनबाईच्या जिवात जीव आला.

मग भाईंची नजर शेजारच्या ताटावर गेली. शेठ पिवळं सार भुरकत होते.

"शेठ, तुमना ताटमा चटणी नही?"

शेठनी वाटी खाली ठेवली. त्यांनी सोहनबाईकडे पाहिलं. वीस वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगावं तर काय सांगायचं? मिरची आयुष्य खाते असं पेपरात वाचलं, म्हणून मी सोडली, तुम्ही मात्र वॅगन भरून न्या? भाईंचा घास ताटावरच थबकला होता. बाजारातली गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोर खरी होत चालली होती.

सोहनबाई चटणीची वाटी घेऊन बाहेर आली.

"भाई, यास्ले मी आपलं आपन वाढत नही," ती म्हणाली. "मांगीसन लेवानी सवय शे यास्ले. पह्यले पाव्हनानं व्हऊ देतस, मंग मांगतस."

भाई शेठकडे बघत राहिले. सोहनबाई शेठसमोर चमचा धरून उभी राहिली.

"काय वाढू?"

"ते..." शेठ म्हणाले.

"काय ते?"

"लाल."

"लाल तं कुकू बी ऱ्हास. नाव ल्या."

शांतिलालभाईंना हसू फुटलं. शेठचे कान तापले. आपणच घातलेला हुकूम आता ताटात येऊन बसला होता. लग्नात उखाणा घेताना सोहनबाईसुद्धा इतकी लाजली नव्हती.

"मिरची," ते पुटपुटले.

"भाईस्ले आयकू नही उनं."

"मिरचीनी चटणी वाढ!" शेठ असे ओरडले की समोरच्या शिंप्याने मान वर करून बघितलं.

तिने बोटभर लावून सोडलं नाही, चमचा भरून वाढली. शेठनी डोळे मिटून घास घेतला. पहिल्यांदा ठसका लागला. मग कपाळ भिजलं. मग तो माणूस जो जेवत सुटला, तो गट्टे संपले, पापड संपला, भाकरीची चळत संपली तरी थांबेना. दुसऱ्यांदा वाटी त्यांनी आपणहून पुढे केली, आणि मिरचीचं नावही आपणहून घेतलं. तीन महिन्यांत तिच्या घरात कुणी असं जेवलं नव्हतं. सोहनबाईचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसले. चटणीचा धूर असताना कुणाला काय कळणार!

भाईंनी हात धुतले आणि म्हणाले, "बहेन, ही मिरची कोनता ढिगमानी?"

"ईकाना ढिगमानी, भाई. निवडेल बी नही."

"मंग तो पुरा ढीग मन्हा," ते शेठना म्हणाले. "सुरतले जाईसन सांगसू, किशनलाल शेठ सोता मांगी मांगीसन खातस."

भिंतीवरचं ऊन मावळायच्या आत सोहनबाई जेवायला बसली. कढईत राहिलेली चटणी स्वतःसाठी थापलेल्या भाकरीने निपटून खाल्ली. जोडीला उरलेलं मुगाचं सार घेतलं. ते बरं झालं होतं, हेही तिने मान्य केलं. दोन्ही एकत्र तर फारच बरं लागत होतं. पुस्तक तिने फेकलं नाही. मिठाच्या बरणीशेजारी ठेवून दिलं, कधी पाहुण्यांचं पोट बिघडलं तर उपयोगी पडेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ उंबऱ्यावर आले. हातात पेपर नव्हता, धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं होतं.

"आज काय करशी?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकमा दखा," ती चुलीत फुंकर मारत म्हणाली.

"पुस्तकमा मिरची नही," किशनलाल शेठ म्हणाले, आणि सोगा सोडून ओंजळभर लाल मिरच्या तिच्या परातीत ओतल्या.