डाव्या डोळ्याची तपासणी

टिकलीचा उजवा डोळा ती माझ्या पोटात असतानाच गेला. मला तेव्हा जराशी कणकण आली होती, एवढंच. डोळ्यांनी दिसणारही नाही असा एक परजीवी माझ्या रक्तातून तिच्यात उतरला आणि डोळ्याच्या पडद्यावर, नेमक्या मध्यभागी, व्रण करून झोपी गेला. न धुतलेल्या भाजीतून आला, अर्धवट शिजलेल्या मटणातून की शेजारच्या मांजरामुळे, ते कुणालाच सांगता आलं नाही. डावा डोळा तेवढा चांगला राहिला. तो परजीवी पुन्हा जागा होऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझी धाकटी नणंद प्रयोगशाळेत यावरच काम करते. काचेच्या बशीत माणसाच्या पेशी वाढवायच्या, त्यांना याची लागण करायची आणि काय बदलतं ते बघायचं. तपासणीला निघण्याआधी चहा घेताना मी तिला पुन्हा तेच विचारलं, "पेशीला कळत कसं नाही गं?"

"कळतं ना वहिनी. पण हा आत शिरला की आपली प्रथिनं थेट तिच्या केंद्रकात पाठवतो. जनुकं तीच राहतात, पण कुठली चालू नि कुठली बंद, ते हा ठरवायला लागतो. आरडाओरडा करणारी जी असतात ना, नेमकी त्यांचीच तोंडं बंद करतो."

"आणि वर त्याला खायला-प्यायलाही तीच घालते?"

"अगदी व्यवस्थित."

"म्हणजे जावईच की."

"जावई निदान परत तरी जातो," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. टिकलीही हसली, का ते न कळता.

दवाखान्यात टिकली उंच खुर्चीवर बसली. भिंतीवर मुलांसाठीचा तक्ता होता. घर, छत्री, बदक, कप, वरून खाली लहान लहान होत गेलेली चित्रं. तसाच तक्ता मी घरी दाराला लावला होता. रोज दात घासून झाले की आमचा तो खेळ चालायचा. सगळी चित्रं बरोबर आली की मी तिला उचलून गरकन फिरवायचे.

डॉक्टरांनी तिचा उजवा डोळा झाकला. "हं, सांगा बाईसाहेब."

टिकली सुरात सांगत सुटली. घर, छत्री, बदक, कप. डॉक्टरांची काठी अजून दुसऱ्या ओळीवर होती आणि ही तिसरीवर पोचलेली.

"वा! डावा एकदम झकास. आज थेंब घालून रडवायला नको हिला. पुढच्या खेपेला बघू."

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मी टिकलीकडे बघत होते. तिची मान वाकडी होती आणि नजर तक्त्याच्या बाजूला, कोऱ्या भिंतीवर. पर्स उचलून निघावं, असं फार वाटलं. आजच्यापुरतं तरी सगळं ठीक झालं असतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "जरा मधलंच एखादं विचारता?"

त्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीतल्या एका चित्रावर काठी ठेवली. टिकली गप्प. मग एक मोठं चित्र. तरी गप्प. ती माझा आवाज आला तिकडे वळली.

"आई, पहिल्यापासून म्हणू?"

मग थेंब घातले, आणि ती रडली. डॉक्टर भिंगातून बराच वेळ बघत राहिले. डाव्या पडद्यावर मध्याला लागूनच नवी सूज होती. औषधानं ती पसरायची थांबेल, म्हणाले, आज आलात ते बरं झालं. गेलेलं परत येईल का, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

बाहेर बाकावर तिला मांडीवर घेतलं.

"मी चुकले का?"

"नाही गं. मला सांग, तुला कसं दिसतं?"

"मधे ढग येतो," ती म्हणाली. "तुझ्याकडे बघितलं की तुझ्या तोंडावरच येतो."

"मग तू काय करतेस?"

"मान वाकडी करते. मग तुझा कान दिसतो."

तिनं हात पुढे केला आणि पहिल्याच झटक्यात माझा कान बरोबर पकडला.