सिग्नल पडला त्या संध्याकाळी

वाऱ्याचा जोर ओसरला तरी सुभाषराव घरी परतले नाहीत, तेव्हा त्यांच्या बायकोचा, शैलाचा, धीर सुटला. वादळ सुटायच्या जरा आधीच ते फेरी मारायला म्हणून बाहेर पडले होते. वीज गेलेली, फोन लागेना. पायांत चपला सरकवून ती जिना उतरली.

सिल्व्हर पार्कच्या गल्लीत उडून आलेले पत्रे, फुटक्या कुंड्या, कुणाच्या तरी गच्चीवरची पाण्याची टाकी, असा सगळा पसारा झाला होता. सुभाषराव म्हणजे हॉटेलात भलतीच डिश आली तरी मुकाट्याने खाणारा माणूस. अशा वादळात ते काय करणार? कुठल्या तरी आडोशाला भेदरून बसले असतील, असंच तिला वाटत होतं.

मोठ्या रस्त्याला लागली तर चौकातला सिग्नल आडवा झालेला आणि त्याच्यावर अख्खा सोनमोहर कोसळलेला. रिक्षा, बस, टेम्पो एकमेकांत अडकून पडलेले. हॉर्नने कान किटत होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, चिंब शर्टात, दोन्ही हात वर करून उभे होते सुभाषराव!

"ए टेम्पो, पीछे लो! पहले अँब्युलन्स निकलेगी, बाद में सब!"

हा आवाज संसारात तिने कधी ऐकला नव्हता.

टेम्पोवाला तणतणत खाली उतरला. "आप कौन होते हो बोलनेवाले?"

"मैं? मैं इधर रहता हूँ," सुभाषराव म्हणाले.

टेम्पोवाला परत गाडीत बसला आणि त्याने टेम्पो मागे घेतला. अँब्युलन्स सुटली. शैला गाड्यांमधून वाट काढत पुढे झाली.

"अहो!"

"बरं झालं आलीस. त्या कोपऱ्यावर उभी राहा. मी हात केला की तिकडच्या रिक्षा थांबव."

"माझं कोण ऐकणार?"

"ऐकतात गं. मलाही आत्ताच कळलं."

तिने पदर खोचला. पहिली रिक्षा थांबवायला तिला दोनदा ओरडावं लागलं, नंतर नुसता हात पुरला. उत्तनला जाणारी बस सुटली, तेव्हा खिडकीतून एका कोळणीने दोघांनाही हात जोडले.

अंधारून आलं तेव्हा कुठे ट्रॅफिक पोलीस पोचला, तोही बिचारा चालत. रस्ताभर झाडं पडली होती म्हणे. "काका, आता मी बघतो इथलं. पण गोडदेवच्या नाक्यावर कोणीच नाहीये हो. तिकडे तर याहून वाईट आहे."

सुभाषरावांनी शैलाकडे पाहिलं. आता घरी चला म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर होतं.

"आधी त्या टपरीवर चहा घ्या दोन घोट," ती म्हणाली, "मग जाऊ. मीही येतेय."