खुर्चीवरून उठायचं नाही

आज त्याला पळता येणार नव्हतं.

डोंगर उतरताना लासियेमच्या मनात एवढं एकच चाललं होतं. उखळात मुसळ पडावं तसं, पावलापावलाला. आज नाही पळता यायचं. आज नाही पळता यायचं. दोन वर्षांत ती सात वेळा गावाच्या कचेरीत जाऊन आली होती. लुराह कुस्नान, म्हणजे गावप्रमुख, पहिल्या खेपेला तेवढा भेटला. पुढच्या सहाही खेपांना तो तालुक्याला मीटिंगला गेलेला, आणि त्याची मोटारसायकल मात्र कचेरीच्या मागे फणसाच्या सावलीत उभी.

पण आज निवडणूक होती. शाळेच्या मैदानातल्या मांडवात कुस्नान उंच खुर्चीवर बसलेला असणार, बायकोला शेजारी घेऊन, डोक्यावर मक्याच्या कणसांचा घोस टांगून. पलीकडे भाताच्या लोंब्यांखाली दुसरा उमेदवार, बियाणंवाला तार्मुजी. पेटी उघडल्यापासून बंद होईपर्यंत उमेदवारानं खुर्ची सोडायची नाही. जो उठला तो पडला, असं आज्यापणज्यापासून चालत आलेलं. त्या भीतीनं हे लोक सकाळपासून घोटभर पाणीसुद्धा पीत नाहीत.

'बस म्हणावं,' लासियेम पुटपुटली. 'बस तू. मी आलेच.'

तिला एवढंच विचारायचं होतं: माझा नवरा कुठे ठेवलास?

दार्मो माडाचा रस काढायचा. पहाटे एकदा, दुपारी एकदा, रोज वीस माड चढायचा आणि वीस उतरायचा. एकदा चढला आणि उतरला नाही, पडला. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. डोंगरावरच्या सगळ्या वाड्यांची दफनभूमी खाली रस्त्यालगत होती, चाफ्याच्या झाडांखाली, तिथे त्याच्या उशाला तिनं फणसाच्या लाकडाचा खांब खूण म्हणून रोवला होता. वाडीतल्या बाया भात कांडताना म्हणत,

गेला गेला म्हणू नये, गेला मातीच्या माहेरा,
खूण ठेवा उशापाशी, येईन मी सणावारा.

मग दोन वर्षांपूर्वी कुस्नानला तिथे बाजार बांधायची हुक्की आली. मेलेल्यांना नव्या जागी नेणार, ज्यानंत्यानं आपापल्या खुणेवर चुन्यानं नाव लिहावं, अशी दवंडी झाली. लासियेमला लिहिता येत नव्हतं. तिनं शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलं आणि वरून स्वतःच्या बोटानं एक चुन्याची रेघ ओढली, माझी म्हणून. नव्या दफनभूमीत गेली तर पक्क्या घरांतल्या लोकांच्या फरशीच्या कबरी रांगेत नीट मांडलेल्या, आणि दार्मो कुठेच नाही.

'फक्त तुझाच खांब कोरा निघाला,' पहिल्या खेपेला कुस्नान म्हणाला होता, आवाज उतरवून, जणू तिचीच लाज झाकत होता. 'सगळ्या गावाचे लागले. तू चुना नीट लावला नसशील. जाऊ दे, बोभाटा करू नकोस. लोक म्हणतील, बाईला नवऱ्याची खूणसुद्धा राखता आली नाही.'

आणि ती गप्प बसली. ह्या गप्प बसण्याचाच तिला आज सगळ्यात जास्त राग येत होता. उपासाच्या महिन्याआधी सगळी वाडी कबरी झाडायला, फुलं वाहायला खाली उतरते. दोन वर्षं त्या दिवशी लासियेमनं गुडघा धरला होता. 'तुम्ही व्हा पुढे, मला चालवत नाही,' म्हणायची, आणि दाराला कडी लावून रिकाम्या घरात चालत राहायची.

मैदानात जत्रा उसळली होती. दऱ्यांनी तोडलेल्या वाड्यांची माणसं. लग्न, माती आणि मतदान सोडलं तर एकमेकांचं तोंड कधी दिसत नाही. शहरात कामाला गेलेले पोरगेही परतलेले. केळीच्या पानातला भात विकणारीचा हात थांबत नव्हता. 'अगं, तू अजून जिवंत?' 'तुला पोचवल्याशिवाय जाते होय!' असं चहूकडून. लासियेमनं कुणाकडे पाहिलं नाही. तिनं मांडवाकडे पाहिलं. कुस्नान होता. जरीकाठी डगला, पाठीला कट्यार खोवलेली, आणि चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवाचं असतं तसलं हसू. शेजारी त्याची बायको वार्तिनी, अंबाड्यात मोगरा माळून, मान ताठ. लुराहीणबाई!

आपला कागद घेऊन लासियेम रांगेतल्या बाकावर टेकली. कागदावर एका बाजूला मका, एका बाजूला भात. पडद्याआड जाऊन खिळ्यानं ज्याला भोक पाडायचं त्याला पाडायचं.

'सरक की गं जरा. बूड आहे का नांगर?'

लासियेमनं वळून पाहिलं. दरीपलीकडच्या वाडीतली यू पोनिरा. यू म्हणजे थोरली बहीण. सत्तरीची, बोळकं तोंड, जीभ मात्र धारेची.

'यू, तुम्ही! किती दिवसांनी.'

'दिवस कसले, वर्षं म्हण. कबरी झाडायच्या दिवशीसुद्धा दिसत नाहीस हल्ली. शेजारणीला विचारलं तर म्हणे, गुडघा.'

'हो, गुडघा,' लासियेम म्हणाली. मग पोनिराच्या बोलण्यातलं काहीतरी तिला खटकलं. 'तुम्ही स्वतः आला होतात का त्या दिवशी?'

पोनिरानं पानाची पिंक टाकली. उगाच वेळ लावून टाकली. 'मी कुठली येते. मला ताप होता.'

'आणि त्याच्या आधल्या साली?'

'तेव्हाही ताप.'

'बरोबर त्याच दिवशी?'

'तुझा गुडघा तरी कुठे दुसऱ्या दिवशी दुखतो!' पोनिरा फणकारली. पोनिराचा हात पदरात काहीतरी चाचपत होता. शेवटी ती खाली बघत म्हणाली, 'तुला म्हणून सांगते, कुठे बोलू नकोस. माझ्या धाकट्याची खूण हरवली. लुराह म्हणाला, सगळ्या गावाचे लागले, फक्त...'

'...फक्त तुझाच खांब कोरा निघाला,' लासियेम म्हणाली.

पोनिराची मान वर आली.

'आणि बोभाटा करू नकोस,' लासियेम शब्दन्शब्द म्हणत गेली, 'लोक म्हणतील, पोराची खूणसुद्धा राखता आली नाही.'

'तुला कुणी सांगितलं हे?'

'त्यानंच. मला. माझ्या दार्मोचं.'

मागच्या बाकावरचा एक म्हातारा खोकला. तो नुसता खोकला नव्हता. 'माझ्या आईबापाचं पण हेच,' तो म्हणाला. 'मला वाटलं, माझाच चुना पातळ झाला.' त्याच्या पलीकडची बाई रडायलाच लागली, नवऱ्याला म्हणाली, 'बघा, मी दोन वर्षं ओरडतेय, मी नाव घातलं होतं!' शब्द रांगेतून असा सरकत गेला जशी वाळलेल्या गवतातून आग. एक, तीन, सात. गुडघे, ताप, कंबर, चक्कर. त्या एका दिवशी अर्धा डोंगर आजारी पडत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं, लाज आपल्या एकट्याच्याच घरी राहायला आलीय.

लासियेम उठली. दुखायचा तो गुडघा कधीच दुखत नव्हता. ती सरळ मांडवापुढे जाऊन उभी राहिली.

'कुस्नान! माझा नवरा कुठे ठेवलास?'

मैदानातला गलका अर्ध्यावर तुटला. कुस्नान समोर बघत राहिला. हसू जागचं हललं नाही.

पेटीजवळून शाळामास्तर बास्कोरो धावत आले. आज निवडणूक त्यांच्या हाती होती. 'बाई, बाई, उमेदवारानं मतदाराशी बोलायचं नसतं. नियम आहे.'

'दोन वर्षं बोलायला मोकळा होता तेव्हा बोलला नाही. आणि आज नियम?'

'मतदान होऊ द्या, मग...'

'मग तो उठून जाईल, मास्तर! आणि पुन्हा मीटिंगला बसेल! आज त्याला बसवून ठेवलाय बापजाद्यांनी, तर आजच विचारणार.'

लोक हसले. भाताच्या लोंब्यांखाली तार्मुजीही हसला, मान डोलावून. लासियेम गर्रकन त्याच्याकडे वळली. 'तू कशाला दात काढतोस रे? बाजारातला पहिला गाळा कुणाचा? माझ्या माणसाच्या छातीवर बसून बियाणं विकतोस तू!' तार्मुजीनं ओठ मिटले.

आता तिच्या मागे पोनिरा होती, खोकणारा म्हातारा होता, रडणारी बाई होती. 'माझं पोर कुठाय?' 'माझी आई?' 'आमच्या सगळ्यांचेच खांब कोरे कसे निघाले रे, सांग!' कुस्नान हसतच होता. कपाळावरचा घाम भुवईत उतरला, तरी तो हसत होता.

तेवढ्यात वार्तिनीनं मान वळवली. दिवसभरात पहिल्यांदाच. ती डोंगरावरच्याच वाडीतली, खोपटातली मुलगी. तिची आई त्याच चाफ्यांखाली, लाकडाच्याच खुणेपाशी पुरलेली. नव्या दफनभूमीत मात्र त्या आईच्या नावाची फरशीची कबर होती, पांढरी, नक्षीची, आणि सगळ्या गावानं दोन वर्षं लुराहीणबाईला तिथे गुलाब वाहताना पाहिलं होतं.

'यांच्या सगळ्यांच्या खुणा कोऱ्या निघाल्या,' ती हळू म्हणाली, पण तिला बोलताना बघून मैदान इतकं शांत झालं की प्रत्येक शब्द पोचला. 'मग माझ्या आईची कशी मिळाली?'

कुस्नाननं हसू आणखी ताणलं.

'त्या फरशीखाली कोण आहे?'

'समोर बघ,' कुस्नान दातांतून म्हणाला. 'हस.'

'कोण आहे, विचारतेय मी.'

'उठू नकोस. वार्तिनी, आज नको. उठू नकोस!'

ती उठली. मक्याच्या कणसांना तिचा अंबाडा लागला आणि घोस हलत राहिला. मागे कुणीतरी 'बायको उठली, आता हा पडला,' असं कुजबुजलं. ती फळीवरून खाली उतरली आणि लासियेमच्या शेजारी येऊन नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. आता खुर्चीवर कुस्नान एकटा होता.

आणि मग तो बोलला. नियम मोडून, सगळ्यांसमोर.

'खोदायचं यंत्र लावलं होतं. फरशीवाल्यांचे हातानं काढले, त्यात चार दिवस गेले. बाकीच्यांना दोन दिवस उरले. ठेकेदार थांबेना. खांब आधी उपटून ढीग केला, मग... मग कुणाचं कोण ते कळेना.' त्यानं तोंड पुसलं. 'सगळे एका खड्ड्यात आहेत. बाजाराच्या मागे, बांबूच्या बनात. प्रार्थना म्हणून घेतली होती मी. नुसतं नाही टाकलं.'

'आणि माझी आई?'

'तिथेच.'

पोनिरा मटकन खाली बसली. मास्तर बास्कोरोंच्या हातात नियमांचा कागद होता, त्यांना तो वाचवेना. लासियेमला वाटलं होतं, उत्तर मिळालं की छातीतला निखारा विझेल. तो विझला नाही. फुंकर मारावी तसा फुलला.

'मला तू सांगितलंस, माझा चुना नीट नव्हता,' ती म्हणाली. आता ओरडायची गरज उरली नव्हती. 'मी दोन वर्षं माझं बोट बघत बसले, कुस्नान.'

ती बनाच्या वाटेला लागणार, तर पोनिरानं खालूनच तिचा पदर ओढला. 'आधी मत दे.'

'कसलं मत घेऊन बसलात, यू!'

'कागद हातात घेऊन गेलीस तर हेच लोक उद्या म्हणतील, म्हातारी भांडायला आली होती. रांगेत बसलीस ना? मग दे.'

लासियेम पडद्याआड गेली. खिळा उचलला. भातावर टेकवला आणि असा दाबला की खालच्या फळीत रुतून बसला. तार्मुजीवर तिचा जीव नव्हता. पुढच्या निवडणुकीत तोही याच खुर्चीत बसायचा आहे, आणि डोंगराला जाब विचारायचा रस्ता माहीत झालाय, एवढंच तिच्या मनात होतं.

मग माणसं निघाली. कुणी हाक दिली नाही, तरी रांगच्या रांग मत टाकून तशीच पुढे चालत गेली, बाजाराच्या भिंतीला वळसा घालून. मागे कर्णा नावं पुकारत राहिला.

बनात काहीच नव्हतं. उंचवटा नाही, खूण नाही, दगड नाही. बांबूची वाळकी पानं आणि बाजारातल्या फाटक्या गोण्या. दोन कोंबड्या उकरत होत्या. लासियेम कडेलाच थबकली. इथे कुठेतरी दार्मो होता, पोनिराच्या पोराशेजारी, कुणाच्या आईच्या उशाला. पण किती दूरपर्यंत होता, कुठे सुरू होत होता, ते तिला दिसेना, आणि पुढचं पाऊल कुठे ठेवावं ते कळेना.

मागून वार्तिनी आली. जरीच्या कपड्यात, डोळे कोरडे, तरातरा सरळ आत निघालेली.

लासियेमनं तिचं मनगट घट्ट पकडलं.

'चपला काढ,' ती म्हणाली.