नऊ तास दहा मिनिटं

मोजणीदारानं लेकीची सगळी जुनी तिकिटं जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस; मापाचा कागद फेकायचा नाही ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. लेक पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा विमानाला नऊ तास दहा मिनिटं लागली होती. दुसऱ्या वर्षी दहा तास. मग बारा. आजचं विमानही थेटच होतं, तरी एकोणीस.

"बाबा, आधीपासून एकोणीसच लागतात," लेक विमानतळावरून फोनवर सांगत होती. "दर वेळी तुम्ही हेच काढता."

"माझ्यासमोर तिकिटं आहेत."

"असू देत. आई कशी आहे?"

"तुझी वाट बघतेय. डॉक्टर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत... तू ये लवकर."

मग त्यानं तिकिटं काढून देणाऱ्या एजंटला फोन लावला. ओळख जुनी होती, त्यामुळे तो आधी मनसोक्त हसला.

"काका, शहरांना काय पाय फुटलेत? विमान तेच, मार्ग तोच. काकूंच्या काळजीनं तुमचं डोकं चक्रावलंय. जरा पडा."

मोजणीदाराला राग आला, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. तिकिटं गोळा करून त्यानं कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बायकोच्या खाटेला गुडघे टेकवून स्टुलावर बसला होता. मोबाइलवरच्या नकाशात लेकीचं विमान सरकत होतं. समुद्र संपत आला होता. उरलेला वेळ, दोन तास. त्यानं बायकोला चमच्यानं पाणी पाजलं, तिची उशी सारखी केली आणि पुन्हा पाहिलं. दोन तास वीस मिनिटं. विमान मागे वळलं नव्हतं, त्याचं नाक इकडेच होतं.

"कुठवर आली?" बायकोनं डोळे न उघडता विचारलं.

"आलीच. जवळ आलीय."

आयुष्यात पहिल्यांदाच तो माप खोटं सांगत होता, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"काय म्हणालात?"

"जवळ आलीय म्हटलं."

ती कान देऊन ऐकत राहिली. मग तिनं डोळे उघडून त्याला खोलीभर शोधलं.

"तुम्ही असे लांबून का बोलताय? इथे बसा ना माझ्यापाशी."

"तुझ्यापाशीच आहे गं," तो म्हणाला आणि तिचा हात धरायला वाकला. हात पोचला नाही. त्यानं खाली पाहिलं. गुडघे खाटेला टेकलेले नव्हते. त्यानं स्टूल पुढे ओढलं, पुन्हा ओढलं. मग स्टूल सोडून तो उठला आणि तिच्याकडे चालायला लागला.