चौकोनी चवली

"बाई, ही चवली खोटी आहे."

वेणीमाधव पोतदारांनी नाणं बाजूला सरकवलं, तशी गोजरबाई खिडकीच्या गजांना चिकटली. "न्हाय वो दादा! केमच्या बाजारात शेंगा इकून आणलीया. आज दाव्याची मुदत हाय. पैसं भरलं न्हाईत तर जिमीन जाईल की!"

सोलापूरच्या खजिन्यात पोतदार एकवीस वर्षं नाणी पारखत होते. दोन आण्यांची चवली चांदीची होती तोवर फरशीवर टाकली की कान सांगायचा. जर्मनच्या लढाईत चांदी महागली आणि सरकारने निकेलची चौकोनी चवली काढली. ती तशी वाजत नसे. तिची पारख बोटांत होती. टाकसाळीतल्या चवलीची कड रेखीव लागे, शिशाच्या ओतीव चवलीची बोथट.

आणि गेले चार महिने पोतदारांच्या उजव्या हाताच्या बोटांना सगळंच बोथट लागत होतं. परवा चुलीवरचं पातेलं उतरवताना बोट भाजलं, तेही बायकोला वासावरून कळलं. "वैद्यांना दाखवा," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांनी दाखवलं नव्हतं. महारोगाचं नाव घरात कोणी घेत नव्हतं.

शहरात खोट्या चवल्यांचा सुळसुळाट झाला होता. दारावरच्या बिरप्पा शिपायाने पुढे होऊन बाईचा दंड धरला. "चल चौकीवर. कुणी दिली ते तितं सांग."

खोटं नाणं कापून टाकायच्या नियमाप्रमाणे पोतदारांनी चवली कातरीत धरली आणि दांडा दाबला. शिसं लोण्यासारखं कापलं जातं. दांडा अडला. दोन्ही हातांनी भार दिला तेव्हा कुठे कट्‌कन दोन तुकडे पडले. कापलेली कड आतपर्यंत पांढरी, कणीदार. नाणं खरं होतं.

कोणी पाहिलं नव्हतं. तुकडे पेटीत टाकले की झालं. बिरप्पाने बाईला दारापर्यंत ओढत नेलं होतं. तिच्या मुठीत चलनाचा कागद चुरगळला होता.

"बिरप्पा, सोड त्यांना."

"अण्णा, पर चवली खोटी हाय म्हनलात की!"

"खरी आहे. चुकलो मी."

पोतदारांनी आपल्या खिशातली चवली भरली, चलनावर शिक्का मारला. गोजरबाईने तो कागद जवळजवळ हिसकावला आणि मागे न बघता कोर्टाकडे धावली.

पोतदार उठून खजिनदारांपुढे उभे राहिले. "साहेब, मला या बोटांनी काही लागत नाही. चार महिने झाले."

शेजारच्या कमलाकर कारकुनाने खुर्ची हळूच मागे घेतली. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "किल्ल्या कमलाकरकडे द्या."

कमलाकरने हात पुढे केला, आणि तो अर्ध्यावरच थांबला.

पोतदारांनी किल्ल्या उपरण्याने नीट पुसल्या, टेबलाच्या कडेला ठेवल्या आणि दोन पावलं मागे सरले.